हिरवा डाय, न दिसणारा उजेड आणि काखेतला राखणदार

गोव्यातल्या सांखळीच्या एका सुनेने विचारलं आहे: सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. उजव्या स्तनात दोन सेंटिमीटरची गाठ आहे आणि बायॉप्सीत कॅन्सर निघाला. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. सर्जन म्हणाले, हिरवा डाय टोचून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने काखेतली ग्रंथी शोधू. सासूबाईंना सुंगटं, म्हणजे कोळंबी, खाल्ली की अंगावर गांधी उठतात, आणि त्या डायमध्ये आयोडीन असतं म्हणे, तर तो चालेल का? कॅमेऱ्यात कॅन्सर दिसतोच, तर मग रिपोर्टसाठी आठ दिवस का थांबायचं? आणि माझं स्वतःचं वय ४३ आहे. मॅमोग्राफीत दाबतात त्याची मला भीती वाटते. त्याऐवजी ही इन्फ्रारेडची तपासणीच करून घेतली तर?

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी दोन उत्तरं त्यातूनच निघतात. त्या कॅमेऱ्यात कॅन्सर दिसत नाही. त्यात डाय दिसतो. डाय कुठे पोचला एवढंच तो सांगतो, आणि तिथे कॅन्सर आहे की नाही हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतो. स्तनाच्या शस्त्रक्रिया करत मला वीसहून जास्त वर्षं झाली, हा कॅमेरा मला मनापासून आवडतो, आणि तरीही घरच्यांना मी पहिलं वाक्य हेच सांगते.

आधी उजेडाचं बघू. रात्री वीज गेल्यावर टॉर्चवर तळहात ठेवून बघा. बोटांच्या कडा लालबुंद दिसतात. टॉर्चचा उजेड पांढरा, पण त्यातला निळा आणि हिरवा भाग रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि लाल तेवढा आरपार येतो. या लालपासून पुढे, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, रक्त उजेड कमी शोषतं आणि पाणीही कमीच शोषतं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोळ्यांना साधारण ७०० च्या पलीकडचं दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. त्या पलीकडच्या पट्ट्याला निकट-अवरक्त म्हणतात, आम्ही बोलताना निअर इन्फ्रारेड म्हणतो. शरीरात उजेड थोडा तरी आत जाऊन परत यायचा असेल, तर याच खिडकीतून.

पण तळहात लाल दिसला तरी आतली हाडं दिसत नाहीत, हेही त्याच टॉर्चवर बघून घ्या. उजेड आत जातो खरा, पण मांसात आणि चरबीत शिरल्यावर सरळ जात नाही, दहा दिशांना विखुरतो. पावसाळ्यात चोर्ला घाटात धुकं उतरलं की गाडीचे दिवे कितीही मोठे केले तरी समोर पांढरी भिंतच दिसते, तसंच हे. त्यामुळे ऑपरेशन थिएटरमधला हा कॅमेरा त्वचेखाली सुमारे एक सेंटिमीटरपर्यंतचंच बरं दाखवतो. त्याच्या खाली सगळं धूसर. हा एक सेंटिमीटर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता डाय. त्याचं नाव इंडोसायनिन ग्रीन, थिएटरमध्ये सगळे आयसीजी म्हणतात. फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत तो जन्मला आणि १९५९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकतं आणि यकृत कसं काम करतं हे मोजायला तो वापरत. डोळ्यांचे डॉक्टर पडद्यामागच्या रक्तवाहिन्या बघायला तो वापरतात. २००५ मध्ये जपानमध्ये कितई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतली ग्रंथी शोधायला तो वापरून दाखवला. म्हणजे तुमच्या सासूबाईंना टोचणार तो पदार्थ नवा नाही. नवा आहे तो त्याच्याकडे बघणारा डोळा.

आयसीजी स्वतःहून चमकत नाही. मे अखेरीला सत्तरीच्या रानात काजवे दिसतात, त्या काजव्याचा उजेड त्याच्याच अंगातल्या रसायनातून तयार होतो. आयसीजीला आधी उजेड द्यावा लागतो. ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड तो घेतो आणि ८३० च्या आसपासचा परत देतो. कॅमेऱ्यासमोरचा फिल्टर आपण टाकलेला उजेड अडवतो आणि फक्त परत आलेला आत घेतो. फ्लुरोसन्स म्हणतात तो हाच. नव्या डॉक्टरांना मी एक गोष्ट मुद्दाम दाखवते. भुकटीत पाणी घालून केलेला घट्ट डाय बाटलीतच कॅमेऱ्याखाली धरला तर तो काळपट, जवळजवळ मेलेला दिसतो. त्यातला एक थेंब पातळ केला की उजळतो. रेणू फार दाटीने बसले की एकमेकांचा उजेड गिळतात. म्हणून जास्त डाय टोचला की जास्त चमकेल, हा समज चुकीचा.

ऑपरेशनच्या दिवशी काय होईल ते सांगते. सासूबाईंना भूल दिल्यावर स्तनाग्राभोवतीच्या गडद त्वचेच्या कडेला बारीक सुईने थोडा डाय टोचतात आणि पाचेक मिनिटं तिथे चोळतात. मग टेबलावरचे मोठे दिवे बाजूला वळवतात, कारण काही दिव्यांच्या उजेडातच अवरक्त भाग असतो आणि त्याने पडदा भरून जातो. खोली अंधारते. नुसत्या डोळ्यांना त्वचेवर काहीच दिसत नाही. पडद्यावर मात्र टोचलेल्या जागेपासून एक पांढरी रेघ निघते आणि काखेच्या दिशेने सरकू लागते. पहिल्या पावसात जांभ्याच्या अंगणातून पाण्याची एक बारीक वाट आपली आपण पुढे जाते ना, अगदी तशी. ती लसिकावाहिनी, म्हणजे लसिका नावाचा पातळ द्रव ग्रंथींकडे नेणारी बारीक नळी. कधी एकच असते, कधी दोन फाटे फुटतात. काखेच्या कडेशी येऊन रेघ अंधारात बुडते, कारण तिथून ती एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाते. तिथेच आम्ही छोटा छेद घेतो, चरबी हळूहळू बाजूला करतो, आणि वाटाण्याएवढी किंवा पावट्याएवढी ग्रंथी पडद्यावर पेटल्यासारखी समोर येते.

ती सेंटिनल नोड. सेंटिनल म्हणजे राखणदार, आणि गोव्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गावाच्या शिवेवर राखणदाराची जागा असते आणि गावात यायचं तर त्याच्यासमोरूनच यावं लागतं. स्तनातून निघालेली लसिका काखेत ज्या ग्रंथीकडे पहिल्यांदा येते, ती ही ग्रंथी. कॅन्सर काखेकडे सरकला असेल तर सहसा पहिल्यांदा इथे सापडतो. इथे नसेल तर मागच्या ग्रंथींत असण्याची शक्यता फार कमी, मग काख मोकळी करायची गरज राहत नाही. पूर्वी सरसकट दहा-पंधरा ग्रंथी काढल्या जायच्या आणि दर पाचांतल्या एका बाईचा हात पुढे सुजायचा. फक्त सेंटिनल काढली तर हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येतं. सुजलेल्या हाताने नारळ किसणं, बादली उचलणं, ब्लाउजची बाही चढवणं वर्षानुवर्षं कसं होऊन बसतं हे मी रोज बघते. या सगळ्या खटाटोपाचं खरं मोल ते आहे.

हेच काम किरणोत्सारी टेक्नेशियम टोचून गॅमा प्रोबने, म्हणजे किरणोत्सर्ग ओळखणाऱ्या कांडीनेही होतं. ती पद्धत जुनी आणि उत्तम आहे, पण त्या द्रव्याचा किरणोत्सर्ग दर सहा तासांनी निम्मा होतो आणि त्यासाठी परवानाधारक न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो. याच कामाला वापरतात तो निळा डाय स्वस्त आहे. त्यातल्या मेथिलीन ब्लूबद्दल मात्र एक सूचना: सासूबाई नैराश्याच्या गोळ्या घेत असतील तर आधी सांगा, त्यांतल्या काही गोळ्यांबरोबर तो घातक ठरू शकतो. आयसीजीने ग्रंथी सापडण्याचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत ९५ टक्क्यांच्या वर आहे, टेक्नेशियमच्या बरोबरीचं. सर्जन दोन पद्धती एकत्र वापरणार असतील तर त्याला दुप्पट काळजी समजा, शंका घेऊ नका. केमो आधी झालेली असेल तर हिशोब बदलतो. तेव्हा एकट्या डायवर भागत नाही, दोन मार्गांनी शोधतात आणि किमान तीन ग्रंथी काढायचा प्रयत्न करतात. तुमच्याकडे ऑपरेशन आधी आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

आता ज्याने मला कायमचं सावध केलं ते. काही वर्षांपूर्वी एका बाईंच्या काखेत दोन ग्रंथी सुंदर उजळल्या. दोन्ही काढल्या. जखम शिवण्याआधी सवयीने बोट आत फिरवलं तर बाजूला एक ग्रंथी लागली, सुपारीसारखी टणक. कॅमेरा फिरवला, ती काळी. डायचा थेंबही तिच्यात गेला नव्हता. तीही काढून पाठवली. रिपोर्ट आला तेव्हा उजळलेल्या दोन्ही स्वच्छ होत्या आणि कॅन्सर त्या काळ्या ग्रंथीत होता.

यात नवल नाही. ग्रंथी कॅन्सरने गच्च भरली की लसिकेला आत शिरायला जागाच उरत नाही, ती बाजूने वाट काढते आणि डायही तिच्याबरोबर जातो. ज्या ग्रंथीला शोधायला आपण आलो, तीच अंधारात राहते. म्हणून उजळलेली ग्रंथी, आणि बोटाला टणक लागलेली ग्रंथी उजळो न उजळो, दोन्ही काढायच्या असतात. उलटीही चूक होते. आयसीजीचा रेणू लहान असतो, तो पहिल्या ग्रंथीत थांबत नाही, पुढच्या ग्रंथींत जातो. उशीर केला तर पाच-सहा ग्रंथी उजळतात आणि विनाकारण काढल्या जातात. चुकून वाहिनी कापली गेली तर डाय सांडतो आणि सगळी जखम चांदण्यासारखी उजळते, मग त्यात काय शोधणार? हातमोज्याला लागलेला डायसुद्धा चमकतो, म्हणून टोचून झालं की मोजे बदलायचे.

आता आठ दिवसांबद्दल. काढलेली ग्रंथी आणि गाठ फॉर्मलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवतात, केसापेक्षा पातळ काप काढतात, रंग देतात आणि मग बघतात. गाठीच्या बाहेरच्या कडेला आधीच शाई लावलेली असते. कॅन्सरच्या पेशी त्या शाईला टेकल्या आहेत का, यावर कड मोकळी आहे की नाही ते ठरतं. ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्यांचे, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का आणि तिच्यात हर-टू हे प्रथिन जास्त आहे का याचे, निकाल पुढच्या औषधांसाठी लागतात. ऑपरेशन चालू असताना गोठवून केलेली तपासणी, म्हणजे फ्रोझन सेक्शन, अर्ध्या तासात ग्रंथीबद्दल अंदाज देते, पण कॅन्सरची बारीक पेरणी तिच्या हातून निसटू शकते. अंतिम शब्द मेणातल्या कापांचाच. त्या आठ दिवसांत घरात कुणाला घास उतरत नाही, हे मला माहीत आहे. तरी ते आठ दिवस सर्जनकडून तोडून मागू नका.

खुद्द कॅन्सरच उजळवणारे डाय आहेत का, असं तुम्ही पुढे विचाराल. आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला खरीच आशा आहे. पेग्युलिसायनिन नावाच्या डायला एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तो ऑपरेशनच्या काही तास आधी शिरेतून देतात. गाठीत आणि तिच्या आजूबाजूला काही विकरं, म्हणजे एन्झाइम, जास्त असतात, ती या डायचा बंध तोडतात आणि मग तो चमकू लागतो. गाठ काढल्यावर राहिलेल्या पोकळीत छोटा प्रोब फिरवून काही उरलंय का ते बघतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३५७ बायकांपैकी २७ जणींच्या पोकळीतून नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतरही उरलेला कॅन्सर त्यामुळे सापडला आणि काढता आला. त्या २७ जणींसाठी ही फार मोठी गोष्ट. पण त्याच चाचणीत प्रोबची संवेदनक्षमता होती ४९.३ टक्के, म्हणजे कॅन्सर असलेल्या जागांपैकी जवळजवळ निम्म्या त्याला दिसल्या नाहीत. शिवाय काहींना तीव्र ॲलर्जी झाली आणि म्हणून औषधावर ठळक धोक्याची सूचना छापलेली असते. इतका खास बनवलेला डायसुद्धा पॅथॉलॉजिस्टची जागा घेत नाही.

सुंगटांचा प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला येतो, आणि आपल्या भागात तो येणारच. सुंगटं, कुर्ल्या किंवा तिसऱ्या खाऊन अंगावर येतं ते त्यांच्यातल्या प्रथिनामुळे, मुख्यतः ट्रोपोमायोसिनमुळे. आयोडीनचा त्यात हात नाही. आयोडीन आपल्या रोजच्या मिठात असतं आणि सासूबाई ते रोज खातात. तेव्हा सुंगटं सोसत नाहीत एवढ्यावरून आयसीजी बाद होत नाही. मात्र आयसीजीच्या बहुतेक बाटल्यांत थोडं सोडियम आयोडाइड असतं हे खरं. सीटी स्कॅनचं इंजेक्शन घेतल्यावर घसा सुजला, श्वास अडकला, असं कधी झालं असेल किंवा आयसीजीचीच ॲलर्जी आधी आली असेल तर भुलीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. थायरॉइडचा किरणोत्सारी आयोडीनचा स्कॅन ठरला असेल तर तोही सांगा, आयसीजीनंतर किमान आठवडाभर तो करत नाहीत. बाकी गंभीर त्रास विरळा. रक्तात गेलेला आयसीजी काही मिनिटांत यकृत उचलतं आणि पित्तातून बाहेर टाकतं. यात किरणोत्सर्ग नाही. टोचलेल्या जागी हिरवट डाग काही दिवस राहील, घाबरू नका. निळा डायही वापरला तर लघवी एखादा दिवस निळसर-हिरवी होईल, तेही आधीच सांगून ठेवा. नाहीतर पहाटे सासूबाई सगळं घर उठवतील, आणि त्यांचं काही चुकलेलं नसेल.

आता तुमचं. तुमच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी एक झाल्या आहेत असं मला वाटतं. पहिली, हा आयसीजीचा कॅमेरा. तो एक सेंटिमीटरच्या खाली धूसर होतो, आणि स्तनातली गाठ त्याहून खोल असू शकते. शिवाय तो डायची वाट दाखवतो, गाठ शोधत नाही. दुसरी, थर्मोग्राफी. तीही इन्फ्रारेडच म्हणवते, पण ती अंगातून बाहेर पडणारी उष्णता मोजते. तो उजेड दहापट लांब लहरींचा असतो आणि त्वचेच्या वरच्या थरातूनच येतो. मॅमोग्राफीऐवजी ती करू नये असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अनेकदा बजावलं आहे. तिसरी, २०२१ पासून राज्यात ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोंय’ मोहिमेत वापरलेलं हातात धरायचं यंत्र. ते उजेडाचं नाहीच, ते दाबून टणकपणा ओळखतं, आणि संशय आला तर पुढे सोनोग्राफी-मॅमोग्राफीला पाठवतात. स्तनातून उजेड पार करून गाठ बघायचा प्रयत्न मॅक्स कटलर यांनी न्यूयॉर्कमध्ये १९२९ मध्येच केला होता. आज संगणक त्या विखुरलेल्या उजेडावरून रक्ताचा नकाशा काढतात आणि केमोचा परिणाम होतोय का हे बघायला संशोधनात त्याचा उपयोग होतो. तुमच्या तपासणीसाठी तो अजून तयार नाही.

एक गोष्ट घरात शांतपणे बोला. सासूबाईंच्या कॅन्सरमुळे तुमचा धोका वाढत नाही, तुमचं त्यांच्याशी रक्ताचं नातं नाही. तुमच्या नणंदेचा वाढतो. दोष आनुवंशिक निघाला तर तो वडिलांच्या बाजूने तुमच्या मुलीकडेही येऊ शकतो. नणंद लग्न होऊन दूर गेली म्हणून हा निरोप राहून जाऊ देऊ नका.

तुम्ही स्वतः मॅमोग्राफी करा. चाळिशीपासून दर दोन वर्षांनी, असा सल्ला अमेरिकेच्या प्रतिबंधक तपासण्यांबद्दलच्या तज्ज्ञगटाने, म्हणजे टास्क फोर्सने, २०२४ मध्ये दिला. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात जा, तेव्हा स्तन कमी दुखतात. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडोरंट लावू नका, त्याचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. प्रत्येक फोटोला दाब काही सेकंदांचाच असतो. तेही जमलं नाही तर निदान प्रशिक्षित नर्सकडून किंवा डॉक्टरकडून हाताने तपासून घ्या. मुंबईत टाटा हॉस्पिटलने दीड लाखावर बायकांवर वीस वर्षं केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला. आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासल्याने पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. कॅमेरा नाही, वीज नाही, शिकलेला हात.

पुढे कधी सासूबाईंचा हात जड वाटू लागला, बांगडी रुतू लागली, तर हाच आयसीजीचा कॅमेरा पुन्हा कामाला येतो. बोटांच्या बेचक्यात डाय टोचून लसिका कुठे अडते, कुठे त्वचेत परत पसरते ते बघतात. सूज नजरेला ठळक दिसण्याआधीच त्यात खूण मिळू शकते, म्हणून ‘वयामुळे असेल’ म्हणून थांबू नका.

एका आजींनी टेबलावर झोपता झोपता मला विचारलं होतं, ‘दोतोर, हो उजवाड भितर वता?’ म्हणजे, हा उजेड आत जातो का? जातो, आजी, एक बोटाच्या रुंदीएवढा. त्याच्या पुढचं काम बोटांनी आणि सुरीने करायचं असतं. सासूबाईंनी विचारलं तर त्यांनाही असंच सांगा. सर्जनना भेटाल तेव्हा ग्रंथी उजळली नाही तर काय करणार आणि फ्रोझन सेक्शन होणार का, हे दोन प्रश्न विचारून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटंच बरोबर न्या. हॉस्पिटलच्या पिशवीत पुढून बटणं असलेले दोन सैल गाऊन टाका, पहिले काही दिवस उजवा हात डोक्यावर न्यायला त्यांना त्रास होईल.